जटामांसी आतून दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

फोंड्यात आमचं काष्ठौषधींचं दुकान. जटामांसी, हिमालयातल्या एका झाडाचं केसाळ औषधी खोड, रोज हाताखालून जाते. तांबूस केसांचा झुपका आणि तो उग्र वास, एवढ्यावरच आम्ही माल पारखत आलो. भूतकेशी या दुसऱ्याच झाडाची मुळं जटामांसी म्हणून खपवतात हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, पण केस झडलेल्या तुकड्यांत खरं कोणतं ते कसं ओळखायचं, हे कोणी सांगत नव्हतं. निवृत्त होऊनही तुम्ही मला भर पावसाळ्यात समोर बसवून छेद, म्हणजे मायक्रोस्कोपखाली पाहण्याइतका पातळ काप, घ्यायला शिकवलंत. त्यासाठीच हे जाहीर पत्र.

तुकडा भिजवून मऊ करायचा, बटाट्याच्या फोडीत खोचायचा आणि ओल्या ब्लेडने एकाच ओढीत कापायचा. पाण्यात तरंगणाऱ्या कापांतला सगळ्यात पातळ तेवढा ब्रशाने उचलायचा. जाड काप बाजूला सारून तुम्ही एवढंच म्हणायचात, "परत घे."

सॅफ्रॅनिनचा लाल रंग चढवून पहिला चांगला काप मायक्रोस्कोपखाली ठेवलात, तो मला अजून दिसतो. बाहेर बुचाचे 2 ते 5 थर, त्यांच्या पेशींत तेलाचे थेंब. बूच सालीत असतं एवढंच मी शिकले होते. इथे ते गाभ्यातही होतं, जलवाहिन्यांच्या मधोमधही होतं! जुन्या मूलक्षोडात, म्हणजे जमिनीखालच्या खोडात, हे आतलं बूच वाढत जातं आणि मधला एकसंध भाग फुटून त्याचे 4 ते 9 वेगळे पेड होतात, दोरखंडाचे पीळ सुटावेत तसे. प्रत्येक पेडाच्या जलवाहिन्या आणि रसवाहिन्या त्याच्या स्वतःच्या. इतकी देखणी रचना मी दुसऱ्या कुठल्याच औषधात पाहिलेली नाही.

आणि मग तुम्ही ते केस दाखवलेत. मेलेल्या पानांच्या देठांचे उरलेले तंतू! हिमालयात 3000 ते 5000 मीटरवर थंडीत वरची पानं जातात, जीव राहतो तो जमिनीखालच्या या खोडात. आम्ही विकतो तेच खोड. ते उपटलं की झाड संपलं. जटामांसी जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत का आहे, हे मला त्या कापाने जितकं समजलं तितकं कुठल्याही परिपत्रकाने समजलं नसतं.

आता केसांच्या तेलासाठी कोणी मागितली तर मी माका आणि ब्राह्मी पुढे करते. दोन्ही आपल्याकडे ओलाव्याला उगवतात. जटामांसी वैद्यांच्या चिठ्ठीवरच देते, तीही छेद पाहून. व्यापारी कुरकुरतात, पण तुकडे आधी पाठवतात.

बाई, हे सगळं तुमच्यामुळे. मनापासून आभार.

चवथीनंतर नवा माल येईल. तुकडे घेऊन येते, ब्लेडंही मीच आणते.

आपली विद्यार्थिनी,
फोंडा, गोवा