ती कृष्णविवरे मोजून झाली आहेत

महोदय,

औंढा नागनाथजवळ उभ्या राहत असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. जिल्ह्याचे नाव असे छापून आले की आम्हाला बरेच वाटते. पण ‘लायगोला सापडतात तशी कृष्णविवरे म्हणजेच कृष्णपदार्थ असू शकेल’ हे त्यातले वाक्य आता शिळे झाले आहे. (कृष्णपदार्थ म्हणजे प्रकाश न देणारा, केवळ गुरुत्वाने जाणवणारा पदार्थ.) २०१५ साली सूर्याच्या २९ आणि ३६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकत्र आल्याचे कळले, तेव्हा ही शंका रास्त होती. विश्वाच्या आरंभीच अशी विवरे तयार झाली आणि आकाशगंगेच्या प्रभामंडळात, म्हणजे तिला वेढणाऱ्या कृष्णपदार्थाच्या विशाल गोलात, विखुरली असतील तर? या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे आणि ते लेखात नाही.

शोधायची रीत पोलिश खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६ मध्ये सुचवली. प्रभामंडळातली अंधारी, जड वस्तू दूरच्या ताऱ्याच्या अगदी आड आली, तर तारा झाकला जाण्याऐवजी काही काळ उजळतो. तिचे गुरुत्व प्रकाश वळवून आपल्याकडे आणते. हे गणित आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्येच केले होते, पण असे प्रत्यक्ष दिसण्याची आशा त्यांना नव्हती. रूपविकारी (स्वतःच तेज कमीजास्त होणारे) तारेही उजळतात, मात्र पुन्हा पुन्हा आणि रंग बदलत. हा उजाळा सर्व रंगांत सारखा, चढ तसाच उतार, आणि एकदाच.

अडचण संख्येची. सगळे प्रभामंडळ अशा वस्तूंचे मानले, तरी एका वेळी वीस लाखांत जेमतेम एक तारा उजळलेला सापडेल. म्हणून मॅगेलनचा मोठा मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकेतले लक्षावधी तारे वर्षानुवर्षे पाहावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या माउंट स्ट्रॉम्लोवरून पाहणाऱ्या माचो गटाने २००० मध्ये प्रभामंडळाचा सुमारे पाचवा हिस्सा अशा वस्तूंचा असावा असे म्हटले. चिलीतून पाहणाऱ्या फ्रेंच इरॉस गटाला २००७ मध्ये ते पटले नाही. (नैनीतालच्या १०४ सेंमी दुर्बिणीतूनही १९९८ ते २००२ या काळात देवयानी दीर्घिकेकडे असाच शोध झाला, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.) पण वस्तू शंभरपट जड, तर उजाळा दहापट लांब. लायगोच्या विवरांसाठी तो कित्येक महिने, कधी वर्षेही चालेल. तेवढी नजर ठेवायला आधीच्या गटांचा काळ अपुरा होता.

वॉर्सा विद्यापीठाच्या ओगल गटाने चिलीतूनच वीस वर्षे जवळजवळ आठ कोटी तारे पाहिले. सगळा कृष्णपदार्थ दहा सौर वस्तुमानाच्या विवरांचा असता, तर २५८ घटना दिसायला हव्या होत्या. दिसल्या १३, आणि त्या साऱ्या आकाशगंगेतल्या व मेघातल्या साध्या ताऱ्यांनी समजावता येतात. २०२४ मध्ये ‘नेचर’ने हे छापले. दहा सौर वस्तुमानाच्या विवरांचा वाटा १.२ टक्क्यांहून जास्त नाही, शंभराच्या विवरांचा तीन टक्क्यांहून.

वीस वर्षांच्या मोजणीतून आलेल्या ‘नाही’ला कुणी मथळा देत नाही, आणि ‘असू शकेल’ला मात्र दर वर्षी मिळतो. लेखकांना आदिम (विश्वाच्या आरंभी तयार झालेल्या) कृष्णविवरांची बाजू मांडायचीच असेल, तर लघुग्रहाएवढ्या वस्तुमानाच्या विवरांची मांडावी. त्यांच्या गुरुत्वाचे भिंग ताऱ्याच्या बिंबापुढे इतके लहान पडते की उजाळा जाणवतच नाही, त्यामुळे ती शक्यता अजून खोडता आलेली नाही.

– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)