वाफेच्या मोटारीला हवी तपासणीची सोय

संपादक महोदय,

जुन्या वाफेच्या मोटारीची प्रतिकृती मी जालन्यात घरीच बांधत आहे. १९०६ साली स्टॅन्ले कंपनीच्या वाफेच्या गाडीने फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर ताशी सुमारे २०५ किलोमीटर वेग गाठला, तोही गिअरबॉक्सशिवाय. कारण वाफेच्या इंजिनाचा जोर चाक फिरण्याआधीपासूनच मिळतो.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची आहे. बोअरचे जड पाणी उकळले की क्षारांचा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि नळ्या जादा तापून निकामी होतात. शिवाय सुरुवातीच्या स्टॅन्ले गाड्या वापरलेली वाफ हवेत सोडत असल्याने मैलाला जवळपास गॅलनभर पाणी लागे, जे मराठवाड्यात मनाला पटत नाही. म्हणून कंपनीने १९१५ मध्ये केलेली सुधारणाच मी करीत आहे : कंडेन्सर बसवून वाफेचे पुन्हा पाणी करायचे. मात्र त्यात मिसळलेले इंजिनाच्या सिलिंडरमधले वंगणाचे तेल बॉयलरमध्ये जाण्यापूर्वी वेगळे करावेच लागते आणि हे काम अतिशय चिकाटीचे आहे.

२५ लिटरपेक्षा लहान बॉयलर कायद्याच्या कक्षेबाहेर असला, तरी दाबाखालची वाफ तितकीच घातक असते. तेव्हा जिल्ह्यातील आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हौशी कारागिरांच्या बॉयलरसाठी हायड्रॉलिक चाचणी (म्हणजे नेहमीच्या कार्यदाबाच्या दीडपट दाब पाण्याने देऊन केलेली चाचणी), वेल्डिंगची तपासणी व सेफ्टी व्हॉल्व्हची पडताळणी माफक शुल्कात करून द्यावी, आणि त्या वेळी विद्यार्थ्यांनाही समोर उभे करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जालना