घडीची किटली वहिनींच्या हातात देण्याआधी

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालास की काशीला निघायचं म्हणून वहिनींसाठी विजेची घडीची किटली मागवली आहे, स्वस्तात मिळाली. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक पाण्याची मोटार वाइंडिंगला घेऊन उभं होतं, मला नीट बोलता आलं नाही. पण फोन ठेवल्यापासून जिवाला घोर लागलाय. ती किटली एकदाही वापरायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच.

आईच्या ऑपरेशनला आम्ही मिरजेत होतो, ते तुला ठाऊक आहे. रात्री तिच्याजवळ ही थांबायची. औषधाबरोबर कोमट पाणी लागायचं आणि मध्यरात्री खाली जाऊन आणणार कोण, म्हणून मीच तसली किटली मागवली होती. सिलिकॉनची, दाबली की ताटलीसारखी चपटी होणारी. आठ दिवस छान चालली. नवव्या दिवशी सकाळी फरशी नुकतीच पुसलेली, ही अनवाणी, आणि पाणी ओतायला किटली धरली तशी हात झटकून म्हणाली, "अहो, हिला करंट येतोय." मी आधी बटण बंद केलं, पिन काढली आणि मग तिचा हात हातात घेतला. नुसत्या झिणझिण्या आल्या होत्या. पण दहा मिनिटांपूर्वी तीच किटली आईच्या उशाशी होती, हे आठवलं आणि मला तिथेच खुर्चीत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ती उघडली. प्लग तीन पिनांचा, दिसायला भक्कम. मीटरची एक वायर वरच्या जाड पिनेला लावली, दुसरी तळाच्या स्टीलच्या पत्र्याला. अर्थिंग असेल तर मीटर वाजायला हवा. वाजला नाही. केबल कापून बघितली तर आत दोनच वायरी! तिसरी पिन नुसती दाखवायला, तिला मागे काही जोडलेलंच नाही. ब्लेडने तार खरवडली तर तांब्याच्या रंगाखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. मग तळाचे स्क्रू काढले. सिलिकॉनची भिंत जिथे पत्र्याला चिकटवलेली असते, त्या सांध्यापासून पाणी तापवणाऱ्या एलिमेंटला वायर जोडतात त्या टर्मिनलपर्यंत क्षाराची बारीक पांढरी रेघ उतरली होती. आपल्याकडच्या जड पाण्याने स्वतःची वाटच आखून ठेवली होती म्हण ना. रोज दाबायची, रोज उघडायची, त्यात तो सांधा सुटत जातो आणि पाणी थेंब थेंब वायरीपर्यंत पोचतं.

आता अर्थिंग नसलं की काय होतं ते सांगतो. ते असतं तर पत्र्यावर उतरलेला करंट जमिनीत जायला वाट मिळते, आणि बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर ती लगेच पडते. वाट नसली की तो पत्र्यावरच थांबतो आणि हात लावणाऱ्या माणसातून जातो. तू म्हणशील, एमसीबी आहे ना, लोड जास्त झाला की पडणारा बोर्डावरचा स्विच. 600 वॅटची किटली 230 व्होल्टवर अडीच अँपिअरच्या थोडा वर करंट घेते. माणसाचा जीव जायला त्याच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याएवढा करंटही पुरे होतो. तेवढ्याची एमसीबीला दखलसुद्धा नसते, तिचं काम वायरिंग वाचवायचं. माणसासाठी आरसीसीबी असते, 30 मिलीअँपिअरची. ती धर्मशाळेत आणि जुन्या लॉजवर असेलच असं धरून चालू नकोस.

2019 च्या पुरानंतर दुकानात भिजलेल्या मोटारींची रांग लागली होती. एकही मोटार मी वाळवल्याशिवाय, मेगर, म्हणजे करंट बॉडीत गळतो का ते बघायचं यंत्र, लावल्याशिवाय परत दिली नाही, माणसं चिडली तरी. आणि घरच्या माणसांच्या हातात दिलेल्या किटलीला साधा मीटर लावला नाही. याचं मला फार वाईट वाटतं रे.

आणखी एक. तुझ्या किटलीच्या बुडाला नाण्याने फिरवायचं बारीक बटण आहे का बघ, 110 आणि 220 असं लिहिलेलं. परदेशात वेगळा व्होल्टेज असतो म्हणून ते दिलेलं असतं. ते चुकून 110 वर राहिलं आणि आपल्या 230 ला लावलं, तर व्होल्टेज दुपटीहून थोडा जास्त, पण उष्णता चौपटीच्या वर जाते. 600 वॅटची किटली 2600 वॅट ओढू लागते, आणि तेही त्या सुतासारख्या वायरीतून. पिशवीत कपड्यांना घासूनही हे बटण सरकू शकतं. शिवाय कित्येक रेल्वे डब्यांत मोबाइलच्या सॉकेटला 110 व्होल्टच असतो. शेजारचा कुणी सांगेल, बटण फिरवा आणि इथेच चहा करा. करू नकोस. ती सॉकेटं फोन आणि लॅपटॉपपुरती आहेत, किटलीला रेल्वेत मनाईच आहे. आणि तिथे फिरवलेलं बटण काशीत उतरल्यावर कुणाच्या लक्षात राहणार?

माझं ऐकशील तर घडीची किटली नेऊच नकोस. साधी एक लिटरची स्टीलची घे. पिशवीत जागा जास्त खाईल, खाऊ दे. तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 367 हा किटल्यांच्या भारतीय मानकाचा आकडा बघ, खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. ते डब्यावरच्या नावाशी जुळतं का ते बघायचं. सीई एवढंच छापलं असेल तर त्याच्यावर जाऊ नकोस. ते युरोपचं चिन्ह आहे, आणि अशा वस्तूंवर बनवणाराच ते लावतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटला लावायचा टू-पिन कन्व्हर्टर तर पिशवीत ठेवूच नकोस, त्याने चांगल्या किटलीचंही अर्थिंग तुटतं.

वहिनींना एवढं सांग: आधी पाणी भरायचं, मग पिन लावायची. ओतायच्या आधी पिन काढायची. पायात चप्पल हवी. दूध त्यात तापवायचं नाही, उतू जाऊन थेट खालच्या जोडणीत जातं. सकाळी चहावाल्याकडून थर्मास भरून घेतला तर दिवसभर किटली लागणारही नाही.

आई आता बरी आहे, काठी घेऊन अंगणात फिरते. तुझी चौकशी करत होती. तुझं निघायचं अजून पंधरा दिवसांवर आहे. शनिवारी साताऱ्याहून सकाळच्या एसटीने ये, ती किटली घेऊन ये. मीटर लावून दोघं मिळून बघू, आणि बाजारातून नवी घेऊ. हिने भडंग करून ठेवलंय, वहिनींसाठी डबा देतो.

तुझाच,
वाइंडिंगवाला