नायगारा बघितलात म्हणजे स्टेट पार्क बघितलंत!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत अमेरिकेच्या सहलीबद्दल जे येतं ते मी आवडीने वाचते, पण दरवेळी तेच, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी. भारी आहेतच ती, वाद नाही. पण नॅशनल पार्क्स सगळी मिळून ६३, त्यातली बरीचशी शहरांपासून लांब, आणि मुलाकडे नाहीतर मुलीकडे राहायला गेलेल्या आईबाबांना तिकडे घेऊन जायला सुट्टी कुणाकडे असते? स्टेट पार्क्स, म्हणजे त्या त्या राज्याने सांभाळलेली, ती मात्र हजारोंनी आहेत आणि बऱ्याचदा घरापासून तासाभरावर असतात. पेनसिल्व्हेनिया, ओहायोसारख्या राज्यांत तर प्रवेश फी पण नाही. त्यांच्याबद्दल एक ओळ येत नाही.

गंमत म्हणजे नायगारा. अमेरिकेच्या बाजूने ज्याने धबधबा बघितला त्याने स्टेट पार्कच बघितलंय, १८८५ चं, तिथलं सगळ्यात जुनं. पण आपण काय करतो, रेनकोट घालून बोटीत बसायचं, फोटो काढायचे, चला. हिवाळ्याच्या तोंडावर त्याच नदीवर सीगल्सचे थवेच्या थवे उतरतात, कितीतरी जातींचे, आणि पक्षीवाले लोक थंडीत कुडकुडत दुर्बिणी लावून उभे असतात, हे आपल्या टूरवाल्यांच्या गावीही नसतं.

साउथ डकोटातल्या माउंट रशमोरचं पण तेच. डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चार चेहरे बघून बस वळते, आणि तिथून जवळच कस्टर स्टेट पार्क आहे, हजाराच्या वर बायसन म्हणजे तिकडचे केसाळ रानबैल, वाइल्डलाइफ लूप नावाचा १८ मैलांचा रस्ता, हरणासारखे प्राँगहॉर्न, बिळातून डोकं काढून ओरडणारे, खारीच्या कुळातले प्रेअरी डॉग. कळप रस्त्यावर आला की गाड्या थांबतात, हॉर्न वाजवायचा नाही, गुपचूप बसायचं. बायसन दिसतो सुस्त पण पळतो ताशी ५० किलोमीटरच्या वर, तेव्हा सेल्फीसाठी खाली उतरणाऱ्यांना काय म्हणावं!

पण मला विचाराल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला समुद्रकाठचं आन्यो नुएव्हो स्टेट पार्क. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत तिथे एलिफंट सील हे अवाढव्य समुद्री प्राणी पिल्लं घालायला वाळूवर येतात, नर दोन टनांचा, नाक सोंडेसारखं लोंबणारं, आणि दोन नर भिडले की छातीवर छाती आपटून रक्त काढतात. त्या दिवसांत एकट्याने फिरू देत नाहीत, आधी बुकिंग करायचं आणि मग गाइडबरोबर चालत जायचं. चरबीच्या तेलासाठी एकोणिसाव्या शतकात हा प्राणी इतका मारला की जेमतेम शंभरेक उरले असतील, १९२२ साली मेक्सिकोने संरक्षण दिलं आणि तिथून हे सगळे वाढले. वाळूतून चालत जाऊन, समोर उभं राहून हे बघायचं, जीपच्या धावपळीत नाही. मला तरी हेच जास्त आवडतं.

अर्थात सगळीकडे असा थाट नसतो हं. घराजवळच्या साध्या स्टेट पार्कमध्ये हरणं, खारी, सुतारपक्षी, तळ्याकाठी कासवं, नशीब असेल तर बीव्हरने, म्हणजे पाण्यात बांध घालणाऱ्या मोठ्या उंदरासारख्या प्राण्याने, कुरतडलेलं झाड. दुपारी बाराला जेवणाचे डबे घेऊन गेलात तर तेही नाही, पहाटे जा नाहीतर सूर्य कलल्यावर, आणि मोबाइलवर गाणी लावू नका, प्लीज.

तर विनंती एवढीच, उन्हाळ्यात लोक निघायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, राज्यवार स्टेट पार्क्सवर एखादा लेख छापा. त्यात फॉल्सचे फोटो कमी टाका आणि कामाचं जास्त लिहा, म्हणजे प्राण्यांना खायला घालायचं नाही, अंगाला खाज आणणाऱ्या तीन पानांच्या पॉयझन आयव्ही या वेलीला हात लावायचा नाही, गवतातून फिरून आलं की टिक म्हणजे गोचीड चिकटलीय का ते मोज्यांपासून मानेपर्यंत बघायचं, कारण तिच्या चाव्यामुळे लाइम डिसीज नावाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि हे सांगायला टूरवाला येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक