कुमार संघाचा निकाल गोलफलकावर शोधू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सतरा वर्षांखालील राष्ट्रीय फुटबॉल संघ हरला की क्रीडा पानावर ‘नामुष्की’ हा शब्द हमखास येतो, आणि जिंकला की ‘उज्ज्वल भविष्य’. दोन्ही मथळे घाईचे आहेत. अर्जेंटिनाने वरिष्ठ गटाचा विश्वचषक तीनदा जिंकला, पण मुलांचा १७ वर्षांखालील विश्वचषक आजवर एकदाही नाही. स्पेन २०१० मध्ये जगज्जेता झाला. या कुमार स्पर्धेत मात्र चार वेळा अंतिम सामन्यात हरला. उलट नायजेरियाने ही स्पर्धा विक्रमी पाच वेळा जिंकली, तरी त्यांचा वरिष्ठ संघ विश्वचषकात शेवटच्या सोळा संघांच्या पुढे कधी गेला नाही. तेव्हा करंडक मोजून या संघाची परीक्षा होत नाही. त्यातली किती मुले पुढे वरिष्ठ फुटबॉल खेळली, हे मोजावे लागते. आणि तो आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा निवडीतच.

फिफाच्या वयोगटाची रेषा १ जानेवारीला आखलेली असते. म्हणजे ३ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात. सतराव्या वर्षी हे अंतर फारसे खुपत नाही. पण चाळणी सतराव्या वर्षी लागतच नाही. ती अकराव्या-बाराव्या वर्षी क्लबात आणि खालच्या संघांत लागून गेलेली असते. तिथे थोराड दिसणारा उचलला जातो. त्याला चांगला प्रशिक्षक, चांगले मैदान आणि जास्त सामने मिळतात, आणि पाच वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. मग निवडणारे छाती पुढे काढून सांगतात की बघा, आमची नजर चुकली नव्हती. युरोपातल्या कुमार संघांच्या याद्या जन्मतारखेनुसार लावून पाहिल्या तर जानेवारी ते मार्चवाल्यांची गर्दी दिसते आणि ऑक्टोबर ते डिसेंबरवाले तुरळक. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तिथे शाळा आणि युवा गटांत हीच गर्दी एप्रिल ते जूनकडे सरकते.

जन्ममहिना आणि शरीराची वाढ या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुभवी प्रशिक्षकसुद्धा त्यांची गल्लत करतात. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, त्या काळात वर्षाला ९-१० सेंटीमीटरपर्यंत. मुलींचा हा काळ सुमारे दोन वर्षे आधी येतो. पण हे झाले सरासरीचे. एखाद्याला साडेबाराव्या वर्षीच मिसरूड फुटते, दुसरा साडेपंधरा वर्षांचा झाला तरी लहानखुराच राहतो, आणि मैदानावर दोघे एकमेकांना खांद्याने रेटत असतात.

यावरचा उपाय महागडा नाही. भिंतीला लावलेली उंचीपट्टी, एक सपाट स्टूल आणि वजनकाटा एवढ्यावर काम होते. अनवाणी उभी उंची घ्यावी, मग स्टुलावर ताठ बसवून बसती उंची घ्यावी आणि त्यातून स्टुलाची उंची वजा करावी (ही वजाबाकी विसरली जाते, हे नोंदवह्या चाळल्या की लगेच कळते). दोन्ही मापे दोनदा घ्यावीत. वेळ शक्यतो सकाळची आणि दर खेपेला तीच, कारण संध्याकाळपर्यंत माणसाची उंची सेंटीमीटरभर कमी भरते. माप दर तीन महिन्यांनी पुरे. उत्साहाने दर महिन्याला घेतले आणि अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली, तर वार्षिक वेग काढताना ती बाराने गुणली जाऊन ६ सेंटीमीटर होते. तीन महिन्यांच्या अंतराने तीच चूक २ सेंटीमीटरवर थांबते. आई-वडिलांची उंचीही नोंदवावी, तीही पट्टीला उभे करून. नुसती विचारली तर वडील मंडळी दोन बोटे वाढवूनच सांगतात. मुलाचे वय, उंची, वजन आणि पालकांची सरासरी उंची यांवरून त्याची प्रौढपणीची अंदाजे उंची काढता येते, आणि आज तो तिच्या किती टक्क्यांवर आहे हेही. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीग अकादम्यांनी याच आधारावर, वय बाजूला ठेवून, ८५ ते ९० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मुलांचे आपसात सामने खेळवून पाहिले. त्यात थोराड मुलाला पहिल्यांदाच धक्काबुक्कीऐवजी डोके वापरावे लागते, आणि लहानखुऱ्याला चेंडू पायाशी ठेवायची मुभा मिळते.

वाढीचा वेग वर्षाला ७ सेंटीमीटरच्या पुढे गेला की प्रशिक्षकाने सावध व्हावे. आधी पाय लांबतात, धड मागून येते (उभ्या उंचीसोबत बसती उंची घ्यायची ती हे कळावे म्हणूनच). काल अर्ध्या वळणात चेंडू घेऊन निघणारा मुलगा आज स्वतःच्याच पायांत अडखळतो, पहिला स्पर्श दोन हात लांब जातो. टाच दुखते, किंवा गुडघ्याच्या खाली नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन ते दाबले की कळ जाते. पहिल्या दुखण्याला सेव्हर म्हणतात, दुसऱ्याला ऑसगुड-श्लॅटर. हाडाच्या अजून न भरलेल्या, कूर्चेच्या भागावर स्नायूबंध सतत ओढत राहतो, म्हणून ते होते. अशा वेळी उड्या, वेगाच्या धावा, लांब किकांचा मारा आणि कठीण मैदानावरचा सराव कमी करावा. छोटे पास आणि चेंडू थांबवण्याचा सराव चालू ठेवता येतो. प्रत्यक्षात होते ते उलटेच: मुलाला आळशी ठरवून आणखी पळवले जाते, नाहीतर ‘फॉर्म गेला’ म्हणून शिबिरातून घरी पाठवले जाते. वर्षभराने त्याचा ताल परत येतो, तेव्हा यादीत त्याचे नाव नसते.

वयचोरीबद्दल दोन शब्द. फिफा २००९ पासून १७ वर्षांखालील स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी वापरते. मनगटाजवळच्या अंगठ्याकडील हाडाची वाढरेषा, म्हणजे हाड जिथून लांबते तो कूर्चेचा पट्टा, पूर्ण भरून गेली असेल, तर मुलगा १७ च्या आत असण्याची शक्यता नगण्य असते. पण याचा उलटा अर्थ काढू नये. वाढरेषा उघडी दिसली म्हणून सांगितलेले वय खरे ठरत नाही, आणि उशिरा वाढणारा प्रामाणिक मुलगा कोणता आणि वय लपवणारा कोणता, हे ती तपासणी सांगत नाही.

बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्यांसाठी मुख्य कुमार संघाला समांतर असा दुसरा राष्ट्रीय संघ चालवला. खर्च एका जादा शिबिराचा आणि काही मैत्रीपूर्ण सामन्यांचा. इतर महासंघांना हे परवडत नाही असे नाही, सुचत नाही.

निवड झाल्यावर प्रश्न येतो सामन्यांचा. कुमार राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नसते. ते बंधन वरिष्ठ संघापुरते आहे. २०१७ च्या भारतातल्या स्पर्धेत इंग्लंडचा जेडन सँचो साखळी फेरी संपताच त्याच्या जर्मन क्लबने, बोरुसिया डॉर्टमुंडने, परत बोलावून घेतला. इंग्लंडने त्याच्याविना कोलकात्यात स्पेनला ५-२ असे हरवले, आणि सँचोचेही काही बिघडले नाही. क्लबात वरिष्ठ सामने मिळत असतील तर ते शिबिरापेक्षा मोलाचेच. अडचण होते ती क्लबच नसलेल्या मुलाची. त्याला महिनोन्‌महिने शिबिरात ठेवून आपसात खेळवले तर तो ओळखीच्या बचावपटूंना चकवायला शिकतो, एवढेच. भारताने २०१७ चा संघ मोडून न टाकता त्यातले बरेचसे खेळाडू इंडियन ॲरोज या नावाने आय-लीगमध्ये, थेट प्रौढांपुढे उतरवले. जिकसन सिंग आणि सुरेश सिंग वांगजम पुढे वरिष्ठ संघात गेले. २०२२ मध्ये तो संघ बंद झाला.

गोलरक्षकांची तर कोणी दखलच घेत नाही. २१ जणांच्या तुकडीत तिघे गोलरक्षक असतात आणि तिसरा बहुधा पूर्ण स्पर्धा बाकावर काढतो. क्लबातही तो दुसऱ्या क्रमांकाचा असेल, तर वर्षाकाठी त्याच्या खात्यावर जेमतेम चार-दोन सामने जमतात. सराव सामन्यांत तरी त्याला पूर्ण ९० मिनिटे द्यावीत, शेवटची २० नव्हेत. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलपुढे मारलेला चेंडू, आला की पुढे सरसावायचे की गोलरेषेवर थांबायचे, हा निर्णय दमलेल्या बचावफळीमागे उभे राहूनच पक्का होतो.

२०२५ पासून १७ वर्षांखालील विश्वचषक दरवर्षी आणि ४८ संघांचा झाला आहे, त्यामुळे आपल्या पानावर या बातम्या आता वाढणारच. म्हणून एक विनंती. निकालासोबत पहिल्या अकरा जणांच्या जन्मतारखा छापा, आणि मागच्या मोसमात प्रत्येकाने क्लबकडून किती मिनिटे स्पर्धात्मक फुटबॉल खेळले तेही. पाच वर्षांनी तीच यादी पुन्हा काढून प्रत्येक नावापुढे तो आज कुठे खेळतो ते लिहा. खेळ सोडला असेल तर तेही लिहा.

आपला,
कुमार गटाचा एक प्रशिक्षक