बँडचा आवाज बदलतो, त्यात गद्दारी कसली?

संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या नाशकात मेटल, म्हणजे जड गिटारींचं रॉक संगीत, ऐकणारी पोरं भरपूर आहेत, कॉलेज रोडला कुठल्याही कट्ट्यावर मेटालिका या अमेरिकन बँडचा विषय काढा, कोणीतरी म्हणणारच की १९९१ नंतर हे लोक आवाज बदलून विकले गेले. मला हे अजिबात पटत नाही. १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटली नि बेसिस्ट, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा, क्लिफ बर्टन गेला, असा माणूस गेल्यावर बँड तसाच्या तसा कसा वाजेल? १९८८ च्या अल्बममध्ये तर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, नुसत्या कोरड्या गिटारी आणि टकटक ड्रम. मग १९९१ ला बॉब रॉक प्रोड्युसर आला, गाणी आखूड झाली, वेग उतरला पण बेस परत आला, आवाज भरला, आणि पुढे तर गिटारीच अर्धा सूर खाली लावायला लागले, कारण गायकाचा गळा काय आयुष्यभर विशीतला राहतो का!

२००३ चा अल्बम मलाही जड जातो. ड्रमर लार्सने स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्या, त्यामुळे पत्र्याचा डबा बडवल्यासारखा टणटण आवाज येतो. पण तो त्यांनी ठरवून ठेवला होता, तेवढी हिंमत लागते.

आयर्न मेडन या दुसऱ्या मेटल बँडनेही १९८६ ला गिटार सिंथ (गिटारीतून सिंथेसायझरचे आवाज काढणारं वाद्य) घेतले तेव्हा लोक बिथरलेच होते की.

तुमच्या पुरवणीत या संगीतावर कधीतरी नीट लेख द्या, नुसता गोंगाट म्हणून सोडून देऊ नका, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, नाशिक