रविवारच्या फोननंतर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"सिव्हिल करून लोकांचे फोनच उचलायचे होते, तर चार वर्षं कशाला घातलीस," हे मी बोलायला नको होतं. तू फोन ठेवलास आणि आई काही न बोलता आत गेली. म्हणजे काय ते समज.

नोकरी लागली, आनंद आहेच. एकच विचारायचं होतं: आपणहून घेतलीस की कंटाळून?

डंकन आणि हॉफमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पगारांचा हिशोब मांडला होता. कामाला लागतं त्याहून जास्त शिकलेल्याला शेजारच्या कमी शिकलेल्यापेक्षा थोडं जास्त मिळतं, पण त्या जादा वर्षाचं मोल कामाला लागणाऱ्या वर्षाच्या साधारण निम्मंच. पुढे २००७ मध्ये रॉब्स्ट या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञांना दिसलं, की शिक्षण जितकं नेमक्या कामाचं, तितकं ते क्षेत्र सोडणं महाग. भाषा-साहित्यवाल्यांचं त्या मानाने निभावतं. तुझं निभावणार नाही. त्यातही पगार-बढतीसाठी वळलेल्यांपेक्षा, जागाच नाही म्हणून वळलेल्यांना फटका मोठा. म्हणून विचारतोय, आपणहून ना?

झालं माझं सुरू. माफ कर.

मी केमिस्ट्री केली आणि एकतीस वर्षं स्टोअरची रजिस्टरं लिहिली. तीही 'तात्पुरती' धरलेली. पदवी होती म्हणून हेडक्लार्क लवकर झालो, ते नाकारत नाही. तुला खोकल्याचं औषध देताना मी टोपीतलं माप डोळ्यांसमोर धरून, गुडघ्यात वाकून, औषधाचा खालचा बाक रेघेला टेकलाय का बघायचो. तू ओरडायचीस, "बाबा, सांडेल!" ब्युरेट, म्हणजे लॅबमधली मापाची काचनळी, वाचायची सवय, तेवढीच उरली. तिसऱ्या वर्षी एका लॅबमध्ये मुलाखतीला गेलो आणि साधं नॉर्मॅलिटीचं, म्हणजे द्रावण किती तीव्र त्याचं, गणित मांडताना अडलो. समोरचा माणूस चांगला होता, पाणी पुढे केलं त्याने. पुन्हा कुठे अर्ज केला नाही.

तुझ्या शेवटच्या वर्षाच्या पुलाचं ड्रॉइंग माझ्याच कपाटात आहे. येईल त्याच्यापुढे उलगडतो, कळत काही नसताना. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी तसलं काही काढून बसत जा. पगारातलं मला कळवू नकोस, एवढं कळव.

आणि ते, आपणहून की काय, त्याचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आई विचारते, दिवसभर हेडफोनने कान दुखतात का?

बाबा